बेसबॉलमधले एका हंगामाचे फलंदाजीचे विक्रम: यादी वाचायची कशी?

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉलचा खेळ समजायला फार वेळ लागत नाही. शाळेत सॉफ्टबॉल खेळला असाल, तर अर्धं काम झालेलंच आहे. गाडी अडते ती आकड्यांपाशी. ७३, २६२, १९१, .४०६, ६१ असे आकडे बेसबॉलवाले नुसते फेकतात, नाव सांगत नाहीत की साल सांगत नाहीत. आपल्याकडे ९९.९४ म्हटलं की पुढे काही बोलावं लागत नाही, तसलाच प्रकार.

या यादीत पहिल्यांदाच शिरणाऱ्यांसाठी हा लेख आहे. विषय फक्त एका हंगामाच्या विक्रमांचा. कारकिर्दीचे विक्रम हे वेगळं प्रकरण. अमेरिकेतल्या मेजर लीगचा हंगाम साधारण मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत चालतो आणि त्यात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. त्यानंतरच्या प्लेऑफमधली कामगिरी या हिशेबात धरत नाहीत.

एक सवय आधीच लावून घ्या: विक्रमाचा आकडा सगळ्यात शेवटी वाचायचा. आधी साल बघा, मग सामने किती, मग फलंदाजाला संधी किती मिळाल्या, आणि मग आकडा. आकड्यावर आधी नजर गेली की बाकीचं कोणी वाचत नाही, आणि मग चहाच्या टेबलावर निरर्थक वाद होतात.

पायरी १: पीए आणि एबी यांतला फरक समजून घ्या

फलंदाज प्लेटपाशी (फलंदाजीच्या जागी) आला आणि त्याची पाळी पूर्ण झाली की एक प्लेट अपिअरन्स मोजला जातो. तक्त्यात तो 'पीए' या रकान्यात दिसेल. त्यातून काही पाळ्या वजा होतात. पिचरने (गोलंदाजाने) चार चेंडू स्ट्राइक झोनबाहेर, म्हणजे मारण्याजोग्या पट्ट्याबाहेर, टाकले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो, त्याला वॉक म्हणतात. चेंडू अंगावर बसला तरी बेस मिळतो. कधी साथीदाराला पुढे सरकवण्यासाठी फलंदाज स्वतः बाद होतो, तो सॅक्रिफाइस. हे सगळं वजा केलं की उरतात ते अ‍ॅट-बॅट, म्हणजे 'एबी'.

चेंडू टोलवून, क्षेत्ररक्षकाच्या चुकीचा फायदा न घेता, किमान पहिला बेस गाठला तर ती हिट. एक बेस मिळाला तर सिंगल, मग डबल, ट्रिपल आणि चारही बेस मिळाले तर होमरन. होमरनसुद्धा हिटमध्येच मोजतात.

बॅटिंग अ‍ॅव्हरेज म्हणजे हिट भागिले एबी. इथे क्रिकेटची सरासरी डोक्यातून काढून टाका. ती धावा भागिले बाद होणं अशी असते, ही नुसती यशाची टक्केवारी आहे. .३०० म्हणजे दहा अ‍ॅट-बॅटमध्ये तीन हिट, आणि तेवढ्यावर माणूस चांगला फलंदाज म्हणून मिरवतो. दशांशचिन्हाआधी शून्य लिहीत नाहीत, आणि बोलताना सरळ 'थ्री हंड्रेड' म्हणतात.

पायरी २: एकाच सालच्या दोन ओळी शेजारी ठेवा

सरावासाठी २००४ हे साल घ्या. त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

पहिली ओळ सिएटल मरिनर्सच्या इचिरो सुझुकीची: १६१ सामने, ७६२ पीए, ७०४ एबी, २६२ हिट, ४९ वॉक, अ‍ॅव्हरेज .३७२. दुसरी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या बॅरी बाँड्सची: १४७ सामने, ६१७ पीए, ३७३ एबी, १३५ हिट, २३२ वॉक, अ‍ॅव्हरेज .३६२.

दोन्ही ओळींत एका हंगामाचे विक्रम आहेत आणि ते अजून टिकून आहेत. इचिरोच्या २६२ हिट. बाँड्सचे २३२ वॉक, त्यातले १२० तर पिचरने जाणूनबुजून दिलेले. याला मारू द्यायचंच नाही, जाऊ दे पहिल्या बेसवर, असा साऱ्या लीगने केलेला हिशेब.

आता एबीचा रकाना बघा. एकाचे ७०४, दुसऱ्याचे ३७३. वॉक एबीतून वजा होतात, म्हणून बाँड्सची निम्मी ओळच गायब झाल्यासारखी दिसते. हिटच्या यादीत १३५ हिटवाल्याला कोणी विचारणार नाही. पण हिट, वॉक आणि अंगावर बसलेले चेंडू मिळून कोण किती वेळा बेसवर पोचला ते मोजा. इचिरो ७६२ पाळ्यांत ३१५ वेळा, बाँड्स ६१७ पाळ्यांत ३७६ वेळा. या हिशेबाला ऑन-बेस पर्सेंटेज म्हणतात. बाँड्सचा त्या सालचा .६०९ हा तिथलाही विक्रम. इचिरोचा .४१४, तोही उत्तमच, पण अंतर दिसतंय ना?

यावरून इचिरोचा विक्रम हलका ठरवू नका. त्याच्या २६२ मधल्या २२५ सिंगल होत्या, होमरन फक्त ८. डावखुरा फलंदाज, चेंडूला बॅट लागता लागताच पहिल्या बेसकडे धाव सुरू. इनफिल्डमध्ये (बेसच्या आतल्या भागात) सरपटत गेलेला साधा चेंडू क्षेत्ररक्षक उचलून फेकेपर्यंत हा बेसवर पोचलेला असायचा. दुसरा फलंदाज जिथे हमखास बाद होतो, तिथे याची हिट. आधीचा विक्रम सेंट लुईसच्या जॉर्ज सिसलरचा होता, १९२० साली २५७ हिट. तो ८४ वर्षं टिकला. १ ऑक्टोबर २००४ रोजी सिएटलमध्ये टेक्ससविरुद्ध इचिरोने तो मोडला तेव्हा सिसलरची वयोवृद्ध मुलगी आणि घरची मंडळी स्टेडियममध्ये होती. खेळ थांबला तेव्हा इचिरो जाऊन त्यांना भेटून आला.

या पायरीवर एवढं लक्षात आलं तरी पुरे: हिट, डबल, आरबीआय (फलंदाजाने संघाला मिळवून दिलेल्या धावा) हे मोजून काढायचे विक्रम, त्यांना संधी भरपूर लागतात. अ‍ॅव्हरेज आणि ऑन-बेस हे प्रमाणाचे विक्रम, त्यांना संधी कमी असल्या तरी चालतं. दोन्ही याद्यांना एकच मापपट्टी लावू नका.

पायरी ३: सालाच्या रकान्यात थोडा वेळ थांबा

मेजर लीगचा इतिहास दीडशे वर्षांचा. या काळात नियम, चेंडू, मैदानं सगळंच बदललं. काही सालं पाठ असलेली बरी.

१८९३ मध्ये पिचरचं अंतर वाढवून ६० फूट ६ इंच केलं, ते आजही तेवढंच आहे. पिचरांचे हात नव्या अंतराला सरावेपर्यंत फलंदाजांची चंगळ झाली. १८९४ मध्ये बोस्टनच्या ह्यू डफीने .४४० अ‍ॅव्हरेज नोंदवलं. डोळे विस्फारण्याआधी हे ऐका: त्या साली अख्ख्या नॅशनल लीगचं (मेजर लीगमधल्या आजच्या दोन लीगपैकी एक, दुसरी अमेरिकन लीग) अ‍ॅव्हरेज .३०९ होतं, आणि फिलाडेल्फियाच्या एकाच संघात चौघांनी .४०० ओलांडलं. शिवाय तेव्हा फाउल, म्हणजे रेषेबाहेर, गेलेला चेंडू स्ट्राइक (तीन झाले की फलंदाज बाद) धरत नसत. तो नियम नॅशनल लीगमध्ये १९०१ ला आणि अमेरिकन लीगमध्ये १९०३ ला आला. याद्यांमध्ये '१९०१ पासून' अशी वेगळी वर्गवारी दिसते, त्याचं एक कारण हे.

दुसरं साल १९२०. थुंकी लावून चेंडू वळवण्यावर बंदी आली. त्याच ऑगस्टमध्ये क्लीव्हलंडचा रे चॅपमन डोक्याला चेंडू लागून दगावला आणि मळके चेंडू झटपट बदलायची पद्धत पडली. चेंडू नीट दिसायला लागला. बेब रूथने १९१९ मध्ये २९ होमरन मारले, तोच तेव्हा विक्रम होता. १९२० मध्ये ५४, १९२१ मध्ये ५९, १९२७ मध्ये ६०. सगळं श्रेय नियमांना देणं अन्यायाचं होईल, कारण नियम सगळ्यांनाच लागू होते आणि ५४ एकट्या रूथनेच मारले.

तिसरं १९३०. शिकागो कब्सच्या हॅक विल्सनच्या १९१ आरबीआय याच सालच्या. आरबीआय म्हणजे आपल्या फटक्यामुळे किंवा वॉकमुळे संघाला मिळालेल्या धावा. हा आकडा आधी १९० असाच छापला जायचा. जुन्या नोंदी तपासल्यावर १९९९ मध्ये त्यात एकाची भर पडली. त्या हंगामात सबंध नॅशनल लीगने .३०३ ने फलंदाजी केली. फिलाडेल्फियाच्या संघाचं अ‍ॅव्हरेज .३१५ होतं आणि तरी ते शेवटच्या क्रमांकावर राहिले. त्यांच्या पिचिंगबद्दल आणखी काही बोलायची गरज नाही. आणि एक, स्वतःचा होमरन सोडला तर आरबीआय मिळायला आपल्या आधीचे साथीदार बेसवर असावे लागतात. म्हणून हा विक्रम अर्धा संघाचा असतो असं माझं मत.

ट्रिपलचा विक्रम ३६, पिट्सबर्गच्या चीफ विल्सनचा, १९१२ सालचा. तेव्हाची मैदानं अवाढव्य होती, चेंडू मागे पळत राहायचा. २००७ नंतर कोणाला वीस ट्रिपलही जमलेल्या नाहीत, तेव्हा हा विक्रम सोडून द्या. डबलच्या विक्रमात अजून जीव आहे: अर्ल वेबच्या १९३१ मधल्या ६७, आणि फ्रेडी फ्रीमन २०२३ मध्ये ५९ पर्यंत आला होता.

उलटं सालही असतं. १९६८ मध्ये पिचर इतके वरचढ झाले की अमेरिकन लीगमध्ये .३०१ वर कार्ल यास्ट्रेम्स्की पहिला आला. पुढच्याच वर्षी पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला. म्हणून एखादा आकडा भारी वाटला की त्या सालचं लीगचं अ‍ॅव्हरेज शेजारी लिहून ठेवा. बेसबॉल-रेफरन्ससारख्या साइटवर सालाच्या पानावर ते लगेच मिळतं.

पायरी ४: सामने मोजा

रूथच्या काळी हंगाम १५४ सामन्यांचा होता. १९६१ मध्ये अमेरिकन लीगमध्ये दोन संघ वाढले आणि हंगाम १६२ चा झाला. नेमकं त्याच साली न्यूयॉर्क यांकीजचा रॉजर मॅरिस रूथच्या ६० च्या मागे लागला.

त्या जुलैमध्ये बेसबॉलचा कारभार पाहणारे कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी जाहीर केलं की १५४ सामन्यांनंतर मोडलेला विक्रम वेगळी खूण करून नोंदवला जाईल. फ्रिक पूर्वी पत्रकार होते आणि रूथच्या नावाने लेख लिहून द्यायचं कामही त्यांनी केलं होतं, हे ध्यानात ठेवा. १५४ सामने झाले तेव्हा मॅरिसचे ५९ होते. ६१वा त्याने १ ऑक्टोबरला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी मारला. यांकी स्टेडियममध्ये तेव्हा जेमतेम तेवीस हजार प्रेक्षक होते. पुढे लोक म्हणत राहिले की मॅरिसच्या नावापुढे फुली आहे. फुली अशी कधी छापली गेलीच नाही, दोन विक्रम वेगवेगळे दाखवले जात एवढंच. १९९१ मध्ये ते वेगळेपणही काढून टाकलं. मॅरिस १९८५ मध्येच वारला होता.

आज सामन्यांच्या संख्येवरून कोणाचा विक्रम वेगळा काढत नाहीत. पण वाचणाऱ्याने तो रकाना बघायचाच. सिसलरने २५७ हिट १५४ सामन्यांत काढल्या, इचिरोच्या २६२ हिट १६१ सामन्यांतल्या.

पायरी ५: अ‍ॅव्हरेजच्या यादीत पात्रता तपासा

चार अ‍ॅट-बॅटमध्ये दोन हिट मारल्या की .५०० होतात. तसं कोणीही उठून विक्रमवीर होऊ नये म्हणून आजचा नियम असा: संघाच्या दर सामन्यामागे ३.१ पीए हवेत. १६२ सामन्यांचे ५०२. नियमात एक गमतीची सवलत आहे. पीए कमी पडले तर तेवढे रिकामे अ‍ॅट-बॅट खात्यात धरायचे, आणि तरीही अ‍ॅव्हरेज सर्वांत वर राहिलं तर मान तुमचाच. १९९६ मध्ये सॅन डिएगोच्या टोनी ग्विनचे ४९८ भरले होते. चार रिकामे धरूनही .३५३ चे .३४९ झाले आणि तोच पहिला राहिला.

जुन्या याद्यांत .४०० ची शेवटची ओळ तुम्हाला सगळीकडे ही दिसेल: बोस्टनचा टेड विल्यम्स, १९४१, .४०६. हंगामाच्या शेवटच्या दिवसाआधी त्याच्या ४४८ एबीत १७९ हिट होत्या. कॅल्क्युलेटरवर टाकून बघा, .३९९५५ येतात. पूर्णांक करून ते .४०० च छापले गेले असते, म्हणजे घरी बसला असता तरी चाललं असतं. तो फिलाडेल्फियात दोन्ही सामने खेळला आणि आठात सहा हिट मारून .४०६ वर गेला.

आणि यादीच्या अगदी वर आता जॉश गिब्सन आहे: होमस्टेड ग्रेज, १९४३, .४६६. जुन्या पुस्तकांत हे नाव तिथे सापडणार नाही. काळ्या खेळाडूंना मेजर लीगमध्ये प्रवेश नव्हता, ते निग्रो लीगमध्ये खेळत. त्या लीगचे १९२० ते १९४८ चे आकडे मे २०२४ मध्ये अधिकृत नोंदींत मिळवले गेले आणि डफीचा .४४० खाली सरकला. त्या हंगामांत लीगचे सामने कमी असत, म्हणून काहीजण नाक मुरडतात. पण कोविडमुळे २०२० चा मेजर लीग हंगाम ६० सामन्यांचाच झाला आणि त्याचे आकडे कोणी वगळलेले नाहीत. मग गिब्सनलाच वेगळा न्याय का? सामने कमी होते ते खेळाडूंच्या हौसेने नव्हे. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये ३५ व्या वर्षी गेला. काळ्या खेळाडूंसाठी ते दार उघडणारा जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरला तो त्याच एप्रिलमध्ये.

पायरी ६: होमरनची यादी नाकासमोर वाचू नका

यादी अशी: बाँड्स ७३ (२००१), मार्क मॅग्वायर ७० (१९९८), सॅमी सोसा ६६ (१९९८), मॅग्वायर ६५ (१९९९), सोसा ६४ (२००१), सोसा ६३ (१९९९). मग आरन जज ६२ (२०२२), मॅरिस ६१, आणि ६० वर रूथ व २०२५ मधला सिएटलचा कॅल राली. राली तर कॅचर, म्हणजे रोज गुडघ्यांवर बसून चेंडू झेलणारा, तेव्हा तो ६० वेगळ्याच नजरेने बघायला हवा.

पहिल्या सहा जागा, माणसं तीन, हंगामही तीनच. एवढ्यावरून शंका यावी आणि ती खरीच आहे. तो काळ स्टेरॉइडचा. सापडल्यास शिक्षा अशी चाचणीची पद्धत २००४ पासून आली. मॅग्वायरने २०१० मध्ये स्टेरॉइड घेतल्याचं कबूल केलं. बाँड्सची नंतर चौकशी आणि खटला झाला. या तिघांपैकी कोणी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या यादीत, नाही.

नवख्याने काय म्हणायचं? अधिकृत विक्रम ७३ आहे, तो कोणी रद्द केलेला नाही. जजचा ६२ हा अमेरिकन लीगचा विक्रम, हेही अधिकृत. 'खरा विक्रम' ६२ असं कोणी म्हणालं तर ते त्याचं मत समजा. मी स्वतः ७३ लिहितो आणि शेजारी साल लिहितो. साल वाचून ज्याला कळायचं त्याला कळतं.

पायरी ७: जपानची यादी वेगळी ठेवा

जपानच्या व्यावसायिक लीगचे आकडे मेजर लीगमध्ये मिसळायचे नाहीत. सामने कमी, मैदानं वेगळी, चेंडू वेगळा. इचिरोने तिथे १९९४ मध्ये १३० सामन्यांत २१० हिट मारल्या होत्या. आजचा तिथला विक्रम शोगो अकियामाचा, २१६ (२०१५).

होमरनची तिथली गोष्ट जास्त रंगतदार. सादाहारू ओ यांनी १९६४ मध्ये ५५ मारले. १९८५ मध्ये अमेरिकन रँडी बास ५४ वर असताना हंगामाच्या शेवटी गाठ पडली ती ओ प्रशिक्षक असलेल्या संघाशी, आणि पिचर त्याला वॉकवर वॉक देत सुटले. २००१ मध्ये टफी रोड्स आणि २००२ मध्ये अ‍ॅलेक्स काब्रेरा ५५ वर पोचले, त्यांच्याही वाट्याला ओ यांच्या संघाकडून तेच आलं. शेवटी २०१३ मध्ये व्लादिमीर बॅलेंटिनने ६० मारले. इथेही साल बघाच: त्याच वर्षी चेंडू गुपचूप जास्त उसळता केल्याचं उघड झालं आणि लीगच्या कमिशनरना पद सोडावं लागलं.

पायरी ८: चालू हंगामातला पाठलाग

एप्रिलमध्ये कोणीतरी दहा सामन्यांत सात होमरन मारतो आणि बातम्या येतात, 'या गतीने ११३ होतील'. दुर्लक्ष करा. हिशेब जूनअखेरीनंतर सुरू करा: आत्ताचा आकडा भागिले संघाचे झालेले सामने, गुणिले १६२. खेळाडूचे सामने घेऊ नका, संघाचे घ्या. विश्रांतीचे दिवस त्यात आपोआप धरले जातात.

तरीही गती फसवते. २० सप्टेंबर २०२२ ला यांकीजचा १४७वा सामना होता आणि जजचा ६०वा होमरन झाला. गती ६६ ची निघते. ६१वा आला १५५व्या सामन्यात, ६२वा १६१व्यात, आणि पुढच्या सामन्याला हंगाम संपला. त्याच सप्टेंबरमध्ये जपानमध्ये मुनेताका मुराकामी १३ तारखेला ५५ वर पोचला. ५६वा यायला ३ ऑक्टोबर उजाडला, हंगामातली त्याची अगदी शेवटची पाळी.

सामना बघायचा तर वेळेचं गणित करून ठेवा. न्यूयॉर्कला संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला लागतो, सिएटलचा सकाळी साडेसातला. सिएटलचा ऑफिसला निघता निघता बघून होतो. न्यूयॉर्कसाठी गजर लावायचा तर आधी समोरचा पिचर कोण आहे ते पाहा, आणि सामना दुसऱ्याच्या मैदानावर असेल तर तिथली वेळ नव्याने तपासा.